‘बघू, मोठा झाला की सुधारेल’ हे आता पुरे झालं



ज्वारीच्या खाखऱ्याचं प्रमाण पुष्कळ जणींनी विचारलं आहे, ते पुढच्या वेळी नक्की देते. आज मला भांडायचं आहे, आणि तेही आपल्याच वयाच्या बायकांशी. घरात ज्यांना ‘दादी’ म्हणतात, ज्यांचा शब्द अजून चालतो, ज्यांनी ‘नको’ म्हटलं की बहू गप्प बसते, त्यांच्याशी.

विषय आहे ऑक्युपेशनल थेरपीचा. सरकारी मराठीत तिला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. आपण पडलो व्यापारी माणसं. हा शब्द ऐकून आमच्या नात्यातल्या एका काकांनी खरंच विचारलं होतं, ‘सहा वर्षांच्या पोराला आत्तापासून कुठला व्यवसाय शिकवताय?’ त्यांना हसू नका, शब्दच तसा आहे. इथे व्यवसाय म्हणजे माणसाची रोजची कामं. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळणं, हाताने जेवणं, कपडे घालणं, पेन्सिल धरणं, वर्गात चार मुलांत बसणं. यातलं काही जमत नसेल तर ते का जमत नाही हे शोधायचं, आणि खेळातून, सरावातून, घरात-शाळेत थोडे बदल करून ते जमवून द्यायचं. बस्स, एवढंच. यात गोळी नाही, इंजेक्शन नाही, शॉक तर अजिबात नाही. (हो, शॉकबद्दलही मला विचारलं गेलं आहे.)

आमच्या नात्यातला एक मुलगा आहे. नाव-गाव सांगत नाही, त्याच्या आईने एवढंच लिहायची परवानगी दिली आहे. साडेसहा वर्षांचा. पाठशाळेत प्रतिक्रमणाची सूत्रं त्याची सगळ्यांच्या आधी पाठ होतात, उच्चारही स्वच्छ. पण शर्टाचं बटण लागत नाही. डब्याचं झाकण उघडत नाही म्हणून डबा भरलेलाच घरी येतो. पेन्सिल मुठीत धरतो, दोन ओळी लिहिल्या की हात झटकतो. वरण-भातात बोटं घालायला तयार नाही. शर्टाच्या मागचं लेबल टोचतं म्हणून सकाळी रडारड. आणि तपस्वींच्या वरघोड्यात बँड सुरू झाला की कानावर हात ठेवून आईच्या पदरात शिरतो.

दादी म्हणाल्या, याचा बापही असाच होता. शाळेने डायरीत लाल शेरे मारले, मग ट्यूशन लावायला सांगितली, मग ‘दुसरी शाळा बघितली तर बरं’ असं गोड भाषेत सुचवलं. ज्या डॉक्टरांकडे लसी घेतल्या त्यांनी वजन-उंची बघितली आणि लाडाने होतं म्हणाले. यात अडीच वर्षं गेली. त्या काळात मुलाला घरीदारी एकच नाव पडलं होतं : आळशी. आई मोबाईलवर वाचायची, तर ‘मोबाईल बघून स्वतःच्या पोराला आजारी ठरवते’ हे तिला ऐकावं लागलं. शेवटी मागच्या दिवाळीनंतर ती भावाला घेऊन संभाजीनगरला गेली, सासरी न सांगता.

तिथल्या थेरपिस्टबाईंनी दीड तास नुसतं त्याच्याशी खेळून बघितलं. चढायला लावलं, लोंबकळायला लावलं, मणी ओवायला दिले. मग सांगितलं की याच्या खांद्यात आणि पोटा-पाठीत ताकद कमी आहे. खुर्चीवर सरळ बसून राहण्यातच ती संपते, बोटांपर्यंत काही पोचतच नाही. आवाज आणि स्पर्श त्याला आपल्यापेक्षा जास्त जाणवतात. म्हणजे आळशी म्हणवणारा तो पोरगा वर्गातल्या इतर मुलांपेक्षा जास्तच मेहनत करत होता, फक्त ती कुणाला दिसत नव्हती.

आठ महिने झाले. बटण लागतं. डबा रिकामा येतो. अक्षर अजून हळू आहे. बँड अजून आवडत नाही, पण आता कानावर ते हेडफोनसारखं जाड आवरण घालून वरघोड्यात पाव तास चालतो. जादू काही झालेली नाही, हे मुद्दाम सांगते.

आता भांडणाकडे येते.

‘याचा बापही उशिरा बोलला होता.’ असेल. काही मुलं उशिरा बोलतात आणि पुढे ठीक होतात, हे खरंच आहे. पण कुठलं मूल आपोआप ठीक होणार आणि कुठलं नाही, हे पाटावर बसून भाजी निवडता निवडता तुम्हाला कसं कळतं? डॉक्टरांच्या काही साध्या खुणा आहेत. वर्षाचं मूल नावाने हाक मारली तर वळून बघत नाही, दीड वर्षाचं होऊनही चालत नाही, दोन वर्षांचं झालं तरी ‘पाणी दे’, ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द बंद होतात. यातली एकही खूण दिसली तर थांबायचं नाही. शेवटची दिसली तर आठवडाही थांबू नये. पहिल्या काही वर्षांत मेंदू फार वेगाने घडत असतो, म्हणून त्या वयात केलेली मेहनत जास्त लागू पडते. आपण नेमकी तीच वर्षं ‘बघू’ म्हणण्यात घालवतो. तपासून काही निघालं नाही तर गेलं काय? एक दिवस आणि पेट्रोल.

दुसरं वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, कारण ते धर्माच्या नावाने येतं. ‘ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे. मागच्या भवात ज्ञानाची आशातना केली असेल.’ हे त्या आईच्या तोंडावर बोललं जातं. सामायिकाचं आसन अजून गुंडाळलेलं नसतं आणि तोंडातून हे निघतं.

बरं, उदय आहे असं धरून चालू. मग मला सांगा, मोतीबिंदू झाला की चक्षुदर्शनावरणीय कर्माचा उदय म्हणून तुम्ही घरात बसता का? तेव्हा तर गणपती नेत्रालयात सकाळी नंबर लावता, आणि बाहेरगावचे पाहुणेही डोळे दाखवायला आपल्या जालन्यात आणता. गुडघ्याची वाटी बदलताना असातावेदनीय आठवत नाही. कर्म फक्त त्या साडेसहा वर्षांच्या मुलाच्या वाटणीला येतं.

आणि आपला धर्म असं सांगतच नाही. कुठलंही कार्य होण्यामागे पाच समवाय असतात, हे पाठशाळेत शिकवलं जातं : काळ, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ. यातलं एकच धरून बसणं म्हणजे एकांतवाद, म्हणजेच मिथ्यात्व. उपासकदशांग सूत्रातला सद्दालपुत्र कुंभार आठवा, चातुर्मासात दर दोन-तीन वर्षांनी त्याची कथा होतेच. तो गोशालकाचा अनुयायी, सगळं नियतीने होतं असं मानणारा. भगवान महावीरांनी त्याला उन्हात वाळत घातलेली मडकी दाखवून विचारलं, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? तो म्हणाला, प्रयत्नाशिवाय, सगळं ठरलेलंच असतं. मग भगवंतांनी विचारलं, कुणी येऊन ही मडकी फोडली तर तू काय करशील? तो म्हणाला, मी त्याला मारीन. मग जर सगळं ठरलेलंच आहे तर मारणार कशाबद्दल? तिथे त्याचे डोळे उघडले आणि तो श्रावक झाला. आपण जन्माने श्रावक, आणि नातवाच्या बाबतीत बोलतो मात्र गोशालकाची भाषा.

तिसरं कारण कुणी मोठ्याने बोलत नाही. बहिणीचं लग्न. ‘लोकांना कळलं तर मुलीला रिश्ता येणार नाही.’ मुलगी चार वर्षांची असते तेव्हापासून ही काळजी सुरू होते. म्हणून थेरपीला जायचं तर ‘मामाकडे चाललो’ सांगून जायचं, फाईल कपाटात साड्यांखाली. मी विचारते, लोक म्हणजे कोण? आपणच ना? बायोडाटा हातात आल्यावर फोन फिरवून चौकशी करणाऱ्या आपणच. ‘त्यांच्या घरात एक मूल जरा तसं आहे म्हणे’ हे वाक्य आपल्याच स्वयंपाकघरातून निघतं. आपण विचारणं बंद केलं तर दुसऱ्या कुणाला ते विचारायचं नाही. आणि ‘तसं’ म्हणजे कसं, हे कुणी सांगत नाही. शर्टाचं बटण लागत नाही, एवढंच त्यात असू शकतं.

आता शाळांविषयी, आणि हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे, त्याची सुरुवातच आपल्या राज्यात पालघरला झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत वर्षातून एकदा डॉक्टरांचं पथक येऊन मुलं तपासतं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला विलंब, असे चार भाग बघतात, आणि गरज वाटली तर पुढे पाठवतात. जिल्हा पातळीवर त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे, आणि हे सगळं मोफत. म्हणजे घनसावंगीच्या किंवा मंठ्याच्या एखाद्या वाडीतलं अंगणवाडीतलं मूल वर्षातून दोनदा तपासलं जायची सोय आहे. आपली मुलं? ती फी भरून खासगी इंग्रजी शाळेत जातात. ती शाळा या कार्यक्रमात येत नाही. तिथे तपासणी म्हणजे दात आणि उंची, तीही गॅदरिंगच्या आधी वेळ मिळाला तर. आपण पैसे मोजून मुलांना त्या पथकाच्या नजरेबाहेर नेऊन ठेवलं आहे. मग निदान शाळेच्या पालकसभेत उठून विचारा की वाढीची तपासणी कोण करतं आणि कधी.

आपल्याच समाजाच्या शाळांचे विश्वस्त हे वाचत असतील तर, म्हणजे तुमचे यजमान, त्यांना एवढं सांगा. २०१४ च्या जानेवारीत आपल्याला अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर ठरल्या. त्या कायद्यात मुलाला आठवीपर्यंत शाळेतून काढता येत नाही. कायद्याचा धाक नसेल तिथे ‘दुसरी शाळा बघा’ म्हणणं सोपं होतं. अहिंसेची पाटी दारावर लावलेल्या शाळेने तरी ते म्हणू नये.

‘हे सगळं आजकालचं फॅड आहे’ असंही ऐकते. कुठलं आजकालचं? भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्न करून त्या निंबकरांच्या घरी आल्या, मग परत अमेरिकेत जाऊन हे शास्त्र शिकून आल्या. या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना १९५२ मध्ये उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. फलटणला त्यांच्या नावाची शाळा आहे, कमला निंबकर बालभवन. आपल्यातल्या बऱ्याच जणींचा जन्म व्हायच्या आधीपासून जे महाराष्ट्रात शिकवलं जातंय, ते फॅड कसं?

हां, फॅडही आहे, पण ते दुसरीकडे. काही वर्षांपूर्वी डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्ग गावोगाव निघाले होते, मिडब्रेन का काय म्हणायचे. तिथे आपल्याच लोकांनी हजारो रुपये रोख मोजले, तेव्हा कुणी पदवी विचारली नाही. आता थेरपीच्या नावानेही अशी दुकानं निघाली आहेत. आठवड्याचा कोर्स करून भिंतीवर रंगीत झोपाळा टांगला की झालं सेंटर. म्हणून विचारायचंच : बीओटीएच किंवा एमओटीएच पदवी आहे का, महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी आहे का? ‘ऑटिझम मुळापासून बरा करतो’ म्हणणाऱ्याच्या दारातून चप्पल न काढताच परत फिरा. वर्षाचं पॅकेज आगाऊ मागणाऱ्याकडूनही. आणि हेही खरं की प्रत्येक वाकड्या अक्षराला थेरपी लागत नाही. चार वर्षांच्या मुलाला जोडाक्षरी इंग्रजी लिहायला लावणारी शाळाच चुकीची असू शकते. पण ते ठरवायला कुणीतरी शिकलेल्या माणसाने मुलाला एकदा बघायला हवं, दादीने नव्हे.

मग करायचं काय? आधी चिठ्ठी मागा. मुलांच्या डॉक्टरांकडे गेलात की तोंडी ‘काळजी करू नका’ घेऊन परत येऊ नका. घरून कागदावर लिहून न्या : दिवस भरले होते का, जन्मताच रडला का, मान कधी धरली, कधी चालला, कधी बोलला, आज काय काय जमत नाही. ‘लक्ष नाही’ असं मोघम लिहू नका. ‘जेवताना पाच मिनिटांत तीनदा उठतो’, ‘जिना दोन्ही पाय एका पायरीवर ठेवून उतरतो’ असं लिहा. दोन-तीन छोटे व्हिडिओ मोबाईलवर ठेवा, कारण दवाखान्यात मुलं नेमकी शहाण्यासारखी वागतात. आणि स्पष्ट म्हणा की ऑक्युपेशनल थेरपीच्या तपासणीसाठी लिहून द्या. डॉक्टर नाही म्हणाले तर का नाही, तेही लिहून मागा. पुष्कळदा तिथेच पेन उघडलं जातं. बोलण्याची अडचण असेल तर कानाची तपासणी आधी, डोळ्यांचीही. ऐकूच येत नसेल तर बाकी मेहनत वाया. ऑटिझम आहे की नाही हे ठरवणं थेरपिस्टचं काम नाही, त्यासाठी मुलांच्या वाढीचे तज्ज्ञ डॉक्टर वेगळे असतात.

थेरपी सुरू झाली की तीन महिन्यांचं उद्दिष्ट लिहून घ्या. मी बी.कॉम., मला हिशोब लागतो. ‘सुधारणा आहे’ हा काही हिशोब नव्हे. तीन महिन्यांत चार बटणं स्वतः लावेल, असं असलं तर ताळा करता येतो. आणि थेरपी आठवड्याचे दोन तास असते, बाकीचं सगळं घरात. इथे दाद्यांनो, आपली गरज लागते. मटार सोलायला बसवा, तिथीला हिरवं नसेल तर हरभरे-मूग निवडायला द्या, पापडाचं पीठ तिंबू द्या, पाण्याची कळशी उचलू द्या. खाखरा चावून खाऊ द्या, दुधात भिजवून भरवू नका. बटण लावायला त्याला पाच मिनिटं लागतात तर तुम्ही पाच मिनिटं थांबा. ‘आण इकडे’ म्हणत पुढे होणारा आपला हातच त्याच्या आड येतो.

संध्याकाळची वेळ घेऊ नका. परतताना चौविहार चुकतो, मग त्यावरून घरात वाद, आणि पुढच्या वेळी गाडीच निघत नाही. सकाळची वेळ मागा.

पैशाचं बोलायला हवं. दिव्यांग प्रमाणपत्र निघत असेल तर घ्या, लाजू नका. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आणि शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीही येतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही धरतात. आयकर कायदा १९६१ मधल्या ८०डीडी कलमात चाळीस टक्के दिव्यांगत्वाला ७५ हजार आणि ऐंशी टक्क्यांच्या वर सव्वा लाखाची वजावट होती, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. पण ती जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्यांनाच. आपले सीए हे आपणहून सांगत नाहीत, कारण आपण मूलच लपवलेलं असतं.

पण वर सांगितलेल्या मुलासारख्या कित्येकांना प्रमाणपत्र मिळणारही नाही, आणि लागतंच असंही नाही. त्यांचा खर्च घरातूनच. जालना ते संभाजीनगर साठेक किलोमीटर. आठवड्यातून दोनदा म्हटलं तर वर्षाला शंभर फेऱ्या, म्हणजे बारा हजार किलोमीटर. दुकान सोडून वडील येत नाहीत, आईला गाडी चालवता येत नाही, म्हणून तिसऱ्या महिन्यात थेरपी बंद पडते. असं झालेली तीन घरं मला माहीत आहेत. जीवदयेला आपण सढळ हाताने देतो, पर्युषणात बोली चढते तेव्हा आकडे ऐकून अभिमान वाटतो, आणि गोशाळेचा चारा कधी कमी पडत नाही. पंचेंद्रिय जीवांत ही मुलंही येतात.

म्हणून मी आमच्या संघाच्या पुढच्या बैठकीसाठी अर्ज दिला आहे. आठवड्यातून दोन सकाळी सात आसनांची एक गाडी, चार मुलं आणि त्यांच्या आया. डिझेल, टोल, ड्रायव्हर, सगळं धरून वर्षाचा हिशोब काढून खजिनदारांना दिला आहे, खाली सही करून. त्यांनी विचारलं, या चार मुलांची नावं काय. मी म्हटलं, नावं लिहून घेणार असाल तर गाडीत कुणी बसणार नाही. त्यावर ते विचार करतो म्हणाले. बैठक ज्ञानपंचमीनंतरच्या रविवारी आहे. महिला मंडळातल्या ज्यांना येता येईल त्यांनी या, मागे बसून राहिलात तरी चालेल.